आनुवंशिकता शिकवण्याचे किट: नववी-दहावीच्या वर्गात वर्षभर वापरून पाहिल्यानंतर

नांदेड जिल्ह्यातील कंधार तालुक्यात जिल्हा परिषदेच्या एका हायस्कूलमध्ये मी नववी आणि दहावीला विज्ञान शिकवते. नववीच्या पुस्तकातील ‘आनुवंशिकता व परिवर्तन’ हा पाठ दरवर्षी वर्षाच्या शेवटी घाईघाईत उरकला जातो आणि मुलांच्या डोक्यात जनुकांच्या जोड्या मांडायचे चौकोन तेवढे राहतात, चौकोनामागचा विचार राहत नाही, असा माझा अनुभव असल्याने गेल्या जूनमध्ये मी स्वतःच्या खर्चाने आनुवंशिकतेचे एक तयार किट मागवले. किंमत २,४०० रुपये. कुरिअरवाला गावापर्यंत येत नाही, त्यामुळे कंधारच्या बसस्थानकाजवळच्या एका झेरॉक्सच्या दुकानातून खोके उचलून आणावे लागले. बनवणाऱ्या कंपनीचे नाव मी मुद्दामच देत नाही, कारण अगदी हेच साहित्य दोन-तीन निरनिराळ्या नावांच्या खोक्यांतून विकले जाताना मी पाहिले आहे आणि माझे म्हणणे खोक्यावरच्या नावाबद्दल नसून आतल्या वस्तूंबद्दल आहे.

खोक्यात निघाले ते असे: पिवळे आणि हिरवे मिळून २०० प्लॅस्टिकचे मणी, चार कापडी पिशव्या, आई-वडिलांच्या लिंग गुणसूत्रांच्या (गुणसूत्र म्हणजे जनुके धारण करणारा पेशीतला धागा) चकत्या, २३ जोड्यांच्या गुणसूत्रांच्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या, कडू चव तपासण्याच्या कागदाच्या २४ पट्ट्या, माणसाच्या दहा ‘आनुवंशिक लक्षणां’चा एक मोठा रंगीत तक्ता, कुटुंबाच्या पाहणीचे ५० छापील कागद, सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असलेल्या एका कुटुंबाची वंशावळ आणि मराठी मार्गदर्शिका. यातल्या काही गोष्टी फार चांगल्या आहेत आणि काही नुसत्याच निरुपयोगी नसून अपायकारक आहेत. दोहोंची एकाच किमतीत सरमिसळ झालेली असल्यामुळे हे परीक्षण थोडे लांबले आहे.

मार्गदर्शिकेपासून सुरुवात करते, म्हणजे ती बाजूला ठेवता येईल. ती कोणा माणसाने मराठीत लिहिलेली नाही, यंत्राने उलथवलेली आहे. पाठ्यपुस्तकात प्रभावी (जोडीत एक जनुक असले तरी दिसणारे) आणि अप्रभावी (दोन्ही जनुके तशीच असली तरच दिसणारे) हे लक्षणांसाठीचे शब्द आहेत, ते मुलांना परीक्षेतही लिहायचे असतात. मार्गदर्शिकेत मात्र अप्रभावी लक्षणाला ‘मंदीचे लक्षण’ म्हटले आहे आणि सिकलसेलच्या वाहकाला, म्हणजे एक सदोष जनुक असूनही स्वतः आजारी नसलेल्याला, ‘वाहतूकदार’. दहावीच्या एका मुलाने मला अत्यंत गंभीरपणे विचारले की मंदीचे लक्षण म्हणजे कापसाचे भाव पडतात ते का. मार्गदर्शिका त्या दिवशी कपाटात गेली आणि अजून तिथेच आहे.

मण्यांचा खेळ हा या किटचा प्राण आहे. प्रत्येक पिशवीत २५ पिवळे आणि २५ हिरवे मणी घालायचे. एक पिशवी म्हणजे एक जनक झाड, ज्याच्याकडे पिवळ्या बीचे एक आणि हिरव्या बीचे एक अशी जनुकांची जोडी आहे. न पाहता दोन्ही पिशव्यांतून एकेक मणी काढायचा, जोडी वहीत टिपायची आणि मणी परत टाकायचे. जोडीत एक जरी पिवळा आला तरी बी पिवळे, दोन्ही हिरवे आले तरच बी हिरवे. ऐकायला हे सोपे वाटते, पण माझ्या वर्गातली निम्मी मुले पहिल्या दिवशी पिवळ्या-हिरव्या जोडीसमोर ‘पोपटी’ असे लिहीत होती. दोन रंग एकत्र आले की मधला रंग होतो, ही समजूत रंगपेटीतून आलेली असते आणि ती चौकोन काढून जात नाही. मणी हातात राहतो, पिवळ्यात मिसळत नाही, पुढच्या वेळी जसाच्या तसा हिरवा बाहेर येतो, हे बोटांना कळावे लागते. घरी म्हातारी माणसे ‘पोरगं आज्यावर गेलं’ म्हणतात, त्यातली मधली पिढी ओलांडून लक्षण पुन्हा दिसण्याची गोष्ट मुलांना इथे पहिल्यांदा पटली.

आता दोष. पिशव्या चारच आहेत, म्हणजे एका वेळी दोनच गट खेळू शकतात. ५२ मुलांच्या वर्गाचे आठ गट केले, प्रत्येकाने ४० जोड्या काढल्या आणि त्यात तीन तासिका गेल्या. याहून मोठी अडचण फळ्यावर बेरीज मांडल्यावर कळली. ३२० जोड्यांत २०२ पिवळे आणि ११८ हिरवे. पुस्तकात तीनास एक सांगितलेले आणि फळ्यावर दोनासही एक येत नव्हते. मी क्षणभर गोंधळले आणि योगायोगाचे काहीतरी स्पष्टीकरण द्यायच्या बेतात होते, तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “मॅडम, हिरवा मणी हाताला मोठा लागतो.” आम्ही पट्टी लावून पाहिले. हिरवे मणी पिवळ्यांपेक्षा खरोखरच किंचित जाड होते आणि पिशवीत हात घातला की तेच आधी चिमटीत येत होते. सहा रुपयांचे मणी चोवीसशे रुपयांच्या खोक्यात घालताना ते एका मापाचे आहेत की नाही हे कोणी पाहिले नव्हते.

गावातल्या बांगड्यांच्या दुकानातून एकाच साच्याचे दोन रंगांचे मणी आणले आणि पुन्हा खेळलो. या वेळी २३७ पिवळे आणि ८३ हिरवे आले. त्यातही एका गटाचे २५ आणि १५ होते, दुसऱ्याचे ३३ आणि ७. दोन्ही गटांना आपलेच चुकले असे वाटत होते आणि आठही गटांची बेरीज होईपर्यंत त्यांचे समाधान झाले नाही. त्यानंतर मी फळ्यावर आनुवंशिकतेचे नियम शोधणाऱ्या ग्रेगोर मेंडेलचे आकडे लिहिले. १८५६ ते १८६३ या काळात ब्रनोच्या मठाच्या बागेत त्याने वाटाण्यावर प्रयोग केले, त्यातल्या बीच्या रंगाच्या प्रयोगात दुसऱ्या पिढीत ६,०२२ बिया पिवळ्या आणि २,००१ हिरव्या निघाल्या. आठ हजारांवर बिया एका माणसाने मोजल्या हे ऐकून वर्ग गप्प झाला, कारण ३२० मोजताना त्यांची मान मोडून आली होती. त्याचा निबंध १८६६ मध्ये छापला गेला, त्याचे महत्त्व लोकांना १९०० साली कळले आणि तो स्वतः १८८४ मध्येच वारला होता, हेही मुलांनी फार लक्षपूर्वक ऐकले. एका अर्थी त्या जाड मण्यांचे मला आभारच मानले पाहिजेत. साधन वाकडे असेल तर उत्तर वाकडे येते, हा धडा मी कधी वेगळा शिकवला नसता. तरीही ज्यांच्याकडे तीनच्या जागी सहा तासिका नाहीत, त्यांनी मणी आधी मापून घ्यावेत.

किटमध्ये वाटाणा आहे, पण आमच्याकडे वाटाणा फक्त भाजीत असतो. शेतात असतो तो कापूस, सोयाबीन, तूर, ज्वारी. म्हणून मण्यांनंतर मी मुलांना विचारले की घरी कापसाचे बियाणे दरवर्षी दुकानातून का आणतात, मागच्या वर्षीच्या सरकीतले थोडे ठेवून का पेरत नाहीत. ‘ते उगवते पण सारखे येत नाही’ हे उत्तर अर्ध्या वर्गाला माहीत होते, त्याचे कारण एकालाही माहीत नव्हते. संकरित कापसाची १९७० मध्ये सुरतला तयार झालेली ‘एच ४’ ही व्यापारी लागवडीसाठीची जगातली पहिली जात भारतातली, आणि आमच्या जिल्ह्यातल्या कापूस संशोधन केंद्राने दिलेली ‘एनएचएच ४४’ तर ‘नांदेड ४४’ या नावाने मुलांच्या आजोबांच्या तोंडी अजून आहे. संकरित बियाण्याची सगळी झाडे सारखी दिसतात, कारण प्रत्येक झाडात दोन निवडलेल्या जनकांकडून आलेली एकसारखीच जोडी असते. त्या झाडांची सरकी पेरली की मणी पुन्हा पिशवीत जातात आणि दुसऱ्या पिढीत जोड्या विस्कटतात, कोणते झाड उंच, कोणते खुजे, कोणाला बोंडे भरपूर आणि कोणाला नावाला. पिशवीतले हिरवे मणी आणि बांधावरची विस्कटलेली पऱ्हाटी ही एकच गोष्ट आहे हे कळल्यावर एका मुलाने वहीत चौकोनाच्या शेजारी बोंड काढले. किट बनवणाऱ्यांनी महाराष्ट्रात विकायच्या खोक्यात एवढे एक पान घालायला हरकत नव्हती.

लिंग गुणसूत्रांच्या चकत्या हा दुसरा चांगला भाग आहे, आणि तो केवळ चांगला नसून आमच्या भागात अत्यावश्यक आहे. आईच्या चकतीच्या दोन्ही बाजूंवर एक्स, वडिलांच्या चकतीच्या एका बाजूवर एक्स आणि दुसरीवर वाय. दोन्ही उडवायच्या आणि दोन्ही एक्स आले तर मुलगी, एक वाय आला तर मुलगा असे लिहायचे. वाय गुणसूत्राचा आणि नरत्वाचा हा संबंध नेटी स्टीव्हन्स या संशोधक बाईंनी १९०५ मध्ये पिठातल्या किड्यांच्या अभ्यासातून दाखवला. शंभर वर्षांहून अधिक काळ उलटला तरी मुलीच होतात म्हणून बोल सुनेलाच लागतो. २०११ च्या जनगणनेत मराठवाड्यातल्याच बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या मुलांमध्ये दर हजार मुलग्यांमागे मुली ८०० च्या आसपास होत्या; गर्भलिंग निदानाला बंदी करणारा कायदा १९९४ चा आहे. हे आकडे मी वर्गात सांगते, पण आकड्यांपेक्षा चकतीचा परिणाम जास्त होतो, कारण आईची चकती कितीही वेळा उडवली तरी तिच्यावर दुसरे काही निघतच नाही.

चार बहिणींतली सर्वांत धाकटी एक मुलगी माझ्या वर्गात आहे. तिने तासानंतर दोन्ही चकत्या एका रात्रीपुरत्या घरी नेण्याची परवानगी मागितली. दुसऱ्या दिवशी तिने त्या परत दिल्या आणि सांगितले की आजीने त्या बराच वेळ उलटसुलट करून पाहिल्या आणि मग विचारले, “तुज्या मायच्या चकतीवर दोनी बाजू सारख्याच काहून?” मुलीने वडिलांची चकती आजीच्या हातात दिली. आजी पुढे काय म्हणाली, हे तिने मला सांगितले नाही आणि मीही विचारले नाही.

याच चकत्यांनी आणखी एक गैरसमज उघडा पाडता येतो, पण त्याचा उल्लेख किटमध्ये कोठेही नाही. तीन वेळा मुलगी आली की चौथ्यांदा मुलगा ‘येणारच’, असे मुलांना वाटते, मोठ्यांनाही वाटते. मी मुलांना लागोपाठ तीन मुली आलेल्या जागा वहीत शोधायला लावल्या आणि प्रत्येक जागेनंतर चौथ्या वेळी काय आले ते मोजायला लावले. साधारण निम्म्या वेळा मुलगा आणि निम्म्या वेळा मुलगी. चकतीला मागचे आठवत नाही, हे एका मुलाचे वाक्य मी तसेच फळ्यावर लिहून ठेवले, कारण पुढे सिकलसेलच्या वेळी त्याचा फार उपयोग झाला.

आता तक्त्याकडे. किट उघडल्यावर सर्वांत आधी नजर जाते ती या तक्त्यावर, आणि माझी सर्वांत मोठी तक्रारही त्याच्याचबद्दल आहे. त्यावर निळे डोळे, लाल केस आणि गालांवरचे ठिपके यांची चित्रे आहेत. आमच्या वर्गात सगळ्यांचे डोळे काळे किंवा तपकिरी असतात, एखादा घारा निघाला तर त्याला त्याच नावाने हाक मारतात. म्हणजे दहापैकी तीन लक्षणे पाहायला वर्गात माणूसच नाही. पण हा किरकोळ भाग झाला. उरलेल्या लक्षणांत जीभ नळीसारखी वळवता येणे, कानाची पाळी मोकळी किंवा चिकटलेली असणे, गालावरची खळी, कपाळावरची केसांची टोकदार रेषा, असे सगळे आहे आणि प्रत्येकासमोर ठामपणे ‘एक जनुक, प्रभावी’ किंवा ‘एक जनुक, मंदी’ असे छापले आहे.

हे चुकीचे आहे, आणि आज कळलेले नाही. जीभ वळवण्याचे उदाहरण आल्फ्रेड स्टर्टेव्हंट यांनी १९४० मध्ये मांडले. गुणसूत्रावर जनुके कोणत्या क्रमाने बसली आहेत याचा पहिला नकाशा काढणारे तेच शास्त्रज्ञ, त्यामुळे त्यांच्या शब्दाला वजन होते. १९५२ मध्ये फिलिप मॅटलॉक यांनी एकसारख्या जुळ्यांच्या ३३ जोड्या तपासल्या तेव्हा ७ जोड्यांत एकाला जीभ वळवता येत होती आणि दुसऱ्याला येत नव्हती. एकसारख्या जुळ्यांची जनुके सारखीच असतात, मग एकाच जनुकाने सगळे ठरत असते तर असे व्हायला नको होते. पुढे १९६५ मध्ये खुद्द स्टर्टेव्हंट यांनीच हे उदाहरण अजूनही पक्के म्हणून छापले जाते याचा आपल्याला संकोच वाटतो, अशा अर्थाचे लिहून ठेवले. कानाच्या पाळीवर अनेक जनुकांचा परिणाम होतो, ती सरळ दोन प्रकारांत मोडतही नाही. वर्गात पाहिले तर निम्म्या मुलांची पाळी मधल्याच कोणत्यातरी आकाराची असते आणि ‘मॅडम, माझी कोणती लिहू’ या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर नसते. डोळ्यांच्या रंगाचेही तेच.

तक्ता चुकीचा असता आणि भिंतीवर नुसता टांगलेला असता तरी मी एवढे लिहिले नसते. पण त्याच्याच आधाराने कुटुंबाच्या पाहणीचा कागद केलेला आहे. मुलाने घरी जाऊन आई, वडील, आजी, आजोबा, भावंडे अशा दहा जणांची जीभ आणि कान तपासायचे, रकाने भरायचे, आणि सर्वांत खाली एक चौकट आहे तिच्यात लिहायचे: ‘तपासा, हे अपत्य या आई-वडिलांना होणे शक्य आहे का?’ मी हा कागद नीट न वाचता वाटला, ही माझी चूक. दुसऱ्या दिवशी एका मुलाने मोठ्या उत्साहाने सगळ्यांसमोर वाचून दाखवले की त्याला जीभ वळवता येते, आईला येत नाही, वडिलांना येत नाही. आणि तक्त्याप्रमाणे खालच्या चौकटीत त्याने स्वतःच्या हाताने ‘नाही’ असे लिहिले होते. पहिल्या बाकावरच्या एका मुलाला त्याचा अर्थ आधी कळला आणि तो हसला. मग हळूहळू सगळ्या वर्गाला कळला. वाचणाऱ्या मुलाला सर्वांत शेवटी कळला. मी ताबडतोब तास थांबवून जुळ्यांची सगळी हकिकत सांगितली, तक्ता खाली काढला, संध्याकाळी त्या मुलाच्या घरीही जाऊन आले. तरी काही दिवस तो मुलगा मधल्या सुटीत एकटा बसत होता. पंधरा वर्षांच्या मुलाच्या हातात त्याच्या आईबद्दल शंका घेणारा कागद द्यायचा आणि त्या शंकेला आधार म्हणून जे छापायचे तेही खोटे असावे, याला काय म्हणावे हे मला अजून सुचलेले नाही.

आणि समजा लक्षणे बरोबर असती, तरी हा कागद आमच्या वर्गात चालला नसता. कंधार, मुखेड, लोहा या भागांतली कितीतरी कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात ती गुढीपाडव्याच्या सुमारास परततात. जानेवारीत मी कागद वाटले तेव्हा ५२ पैकी १४ मुलांचे आई-वडील दोघेही कारखान्यावर होते आणि मुले आजीजवळ राहत होती. त्यांनी फोनवर विचारून रकाने भरले. उसाच्या फडात दिवसभर कोयता चालवून कोपीवर आलेल्या बाईला रात्री मुलीचा फोन येतो आणि ती विचारते, ‘आई, तुझी जीभ वळते का?’ त्या मुलीने मला हे हसत सांगितले, पण मला हसू आले नाही. एका मुलीने वडिलांचा रकाना कोराच ठेवला होता. सावत्र आई, दत्तक मूल, ज्याच्या वडिलांबद्दल घरात बोलले जात नाही असे मूल, हे प्रत्येक वर्गात असते. शिक्षकाला ते बहुतेक वेळा माहीत नसते आणि ते शोधून काढणे हे विज्ञानाच्या गृहपाठाचे काम नव्हे.

कडू चवीच्या पट्ट्यांबद्दल थोडक्यात. १९३१ मध्ये आर्थर फॉक्स या रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत एक भुकटी उडाली, शेजारच्या माणसाला ती कडूजार लागली आणि फॉक्सला स्वतःला काहीच लागले नाही, त्यातून हा प्रयोग जन्माला आला. हे लक्षण एका जनुकाच्या बरेच जवळ जाणारे आहे, तरी चवीची तीव्रता माणसागणिक बदलते, त्यामुळे ‘लागते’ आणि ‘लागत नाही’ यांच्यामध्ये ‘थोडेसे लागते’ म्हणणारेही निघतात. मुलांना मजा आली. तोंडे कारल्याचा रस प्याल्यासारखी झाली. पण ५२ जणांत पट्ट्या २४, पाकिटावर वापरण्याची मुदत छापलेली नाही, आणि तुलनेसाठी साध्या कागदाच्या पट्ट्या द्यायला हव्या होत्या त्या नाहीत. मी वहीच्या कोऱ्या कागदाच्या तशाच पट्ट्या कापून मिसळल्या, तेव्हा कोऱ्या कागदालाही कडू म्हणणारे तिघे निघाले.

सिकलसेलच्या वंशावळीबद्दल मला जास्त सांगायचे आहे, कारण पूर्वी मी याच जिल्ह्यातल्या किनवट तालुक्यात सहा वर्षे होते. तिथल्या गोंड, कोलाम, आंध, परधान वस्त्यांत सिकलसेल हा पुस्तकातला शब्द नव्हता. रक्तातल्या हिमोग्लोबिन या प्रथिनाच्या एका साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाच्या ठिकाणी व्हॅलिन हे दुसरेच अमिनो आम्ल येते, एवढ्याने तांबड्या पेशीचा आकार विळ्यासारखा होतो, बारीक रक्तवाहिन्यांत त्या पेशी अडकतात आणि मूल सांधे धरून रडते. आई-वडील दोघेही वाहक, म्हणजे ‘एएस’, असले तर प्रत्येक गर्भारपणात मूल ‘एसएस’, म्हणजे ग्रस्त, असण्याची शक्यता चारात एक, वाहक असण्याची चारात दोन आणि दोन्ही जनुके निरोगी असण्याची चारात एक असते. किटमधल्या वंशावळीत मात्र वाहक जोडप्याची बरोबर चार मुले दाखवली आहेत आणि त्यातले बरोबर एक आजारी. खाली लिहिले आहे: ‘चारपैकी एक मूल आजारी असते.’

या एका वाक्याचा अर्थ लोक कसा लावतात हे मी किनवटला ऐकलेले आहे. एक मूल ग्रस्त निघाले, आता पुढची तिन्ही चांगली होतील. माझ्या वर्गातल्या मुलांनीही अगदी तोच अर्थ लावला. मग मी फळ्याच्या कोपऱ्यात जपून ठेवलेले ‘चकतीला मागचे आठवत नाही’ हे वाक्य दाखवले आणि आम्ही मण्यांनीच ‘एएस’ जोडप्याची कुटुंबे तयार केली, प्रत्येकी चार मुलांची. काही कुटुंबांत एकही ग्रस्त नाही, काहींत एक, काहींत दोन, एका कुटुंबात तीन. ज्या गटाला तीन आले त्या गटातल्या मुलींनी मणी पिशवीत परत टाकायला जरा वेळ लावला. १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली आहे, तिच्यात चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायचे ठरले आहे. तपासणीचा कागद हातात आलेल्या तरुणाला ‘वाहक म्हणजे आजारी नव्हे’ आणि ‘चारात एक हे दर वेळचे आहे’ ही दोन वाक्ये शाळेतूनच माहीत असायला हवीत. किटमधल्या वंशावळीवर त्यातले एकही नाही. वाहकाला मलेरियापासून काहीसे संरक्षण मिळते, हे अँथनी अॅलिसन यांनी १९५४ मध्ये दाखवले. हे जनुक काही वस्त्यांत टिकून का राहिले याचे उत्तर त्यात आहे, आणि ते सांगितले की ‘त्यांच्यातच हा रोग का’ असे विचारणाऱ्या मुलाचा सूर बदलतो.

वंशावळ शिकवताना मामाच्या मुलीचा विषय निघतोच. आमच्याकडे मामाची मुलगी करणे ही सरळ रीत आहे आणि तेलंगणाच्या सीमेकडे, देगलूर-बिलोलीच्या बाजूला, मामा-भाचीची लग्नेही होतात. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने असे नाते निषिद्ध मानले असले तरी रूढी असल्यास त्यास मुभा आहे. वर्गात अशा घरांतली मुले समोर बसलेली असतात. मी एवढेच सांगते की सख्ख्या आते-मामेभावंडांची सरासरी एक अष्टमांश जनुके समान असतात आणि मामा-भाचीची एक चतुर्थांश, त्यामुळे घराण्यात एखादे अप्रभावी सदोष जनुक असलेच तर ते दोन्ही बाजूंनी एकत्र येण्याची शक्यता वाढते. बहुतेक मुले निरोगीच होतात, पण वाढलेली शक्यता ही वाढलेलीच असते, आणि लग्नाआधी रक्त तपासण्यात कोणाचा अपमान नाही. किटमध्ये याबद्दल एक अक्षर नाही. विदेशी खोक्याची नक्कल असल्यामुळे नसावे.

गुणसूत्रांच्या पट्ट्या ठीक आहेत. जोड्या लावायला मुलांना आवडते, एकविसाव्या जोडीत तिसरी पट्टी ठेवून डाऊन संलक्षण ही जन्मजात स्थिती दाखवता येते. मागे लावलेला चिकटपट्टीचा काटेरी तुकडा महिन्याभरात निघतो, तो फेव्हिकॉलने पुन्हा लावावा. विक्रेत्याकडे मी मण्यांच्या मापाबद्दल आणि पाहणीच्या कागदातल्या चौकटीबद्दल सविस्तर लिहून पाठवले. मण्यांची नवी पुडी आठ दिवसांत आली, कागदाबद्दल मात्र ‘आपल्या प्रतिसादाबद्दल धन्यवाद’ एवढेच उत्तर आले.

तेव्हा २,४०० रुपयांत घेण्याजोगे म्हणाल तर मणी, चकत्या आणि गुणसूत्रांच्या पट्ट्या. यातले मणी बाजारात, चकत्या पुठ्ठ्याच्या आणि पिशव्या शिंप्याकडच्या उरलेल्या कापडाच्या केल्या तर सगळे मिळून तीनशेच्या आत होते आणि आठ गटांना एकाच वेळी पुरते. ज्या शाळेला तयार वस्तूच हवी असेल तिने किट जरूर घ्यावे, पण तक्ता आणि पाहणीचे कागद वर्गात जाण्याआधी काढून ठेवावेत. आमचा तक्ता उलटा करून त्याच्या कोऱ्या बाजूवर आम्ही नांदेड ४४ च्या दोन पिढ्या काढल्या आहेत.

यंदा घरच्या पाहणीऐवजी मी मुलांना एक काल्पनिक कुटुंब तयार करायला सांगितले, चार पिढ्यांचे, मण्यांनी ठरवलेले, ज्यात कोणाकडे काय आले ते पिशवीने सांगायचे. मणी काढायला दीड तासिका लागली आणि आडनाव ठरवायला अख्खी एक, कारण सुचवलेले प्रत्येक आडनाव वर्गात नाहीतर शेजारच्या वाडीत कोणाचे ना कोणाचे निघत होते. शेवटी ‘वाटाणे’ ठरले. पणजीचे नाव मटारबाई आहे आणि तिच्या तिसऱ्या पणतूला कोणते दोन मणी आले यावरून मुलांचे अजून भांडण चालू आहे.